मामांच्या फियाटचा उजेड

निमोणे, ता. शिरूर
आषाढ वद्य तृतीया

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

चि. सौ. सिंधूस मालनचे आशीर्वाद. सोपानलाही सांग.

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळी खुशाल आहेत. तू सारखा फोन लावतेस म्हणून ह्यांनी सांगितलं. मी मुद्दाम घेत नाही. यंदा चातुर्मासाचा नेम म्हणून मी मोबाईल सोडला आहे. एकादशीला बंद करून देवघराच्या खालच्या खणात ठेवला, तो आता कार्तिकीलाच निघेल. कांदा-लसूण दरवर्षीच सोडते, त्यात आता जिवाला काही लागत नाही. म्हटलं, ज्याच्यासाठी हात शिवशिवतो ते सोडावं. ह्यांच्या फोनवरूनही बोलायचं नाही असं देवासमोर म्हटलंय, तेव्हा ती पळवाट सुचवू नकोस. पोस्टाचं पाकीट स्वस्त पडतं आणि त्यात शेजारच्या चौकशा होत नाहीत.

आपल्या समृद्धीचं जमलं हे ऐकून मी खंडोबापुढं साखर ठेवली. वढू बुद्रुकचं स्थळ, मुलगा इंद्रजीत शेती बघून डेअरी चालवतो, सगळं चांगलं वाटलं. तुळशीचं लग्न झाल्यावर गोरज मुहूर्त धरणार म्हणे. सोपानचा फोन ठेवला आणि हे तसेच चप्पल न घालता शेडात गेले, फियाटवरची ताडपत्री ओढून काढली. "समीला शब्द दिलाय, ती सासरी जाईल तर ह्याच गाडीतनं." समी चौथीत असताना दिलेला शब्द, पण ह्यांच्या लेखी तो कालचाच.

मामंजींनी घेतलेली गाडी, मी ह्या घरात आले ती तिच्यातूनच. सोपानला मात्र ती नको आहे असं ह्यांच्या तोंडावरून वाटलं. तो नक्की काय म्हणाला ते हे सांगत नाहीत. तू लिही.

तुझी,
मालन


राहू, ता. दौंड
नागपंचमीचा दुसरा दिवस

ती. सौ. वन्संच्या पायांवर सिंधूचा नमस्कार.

लोक चातुर्मासात वांगं सोडतात आन् आमच्या वन्संनी मोबाईल सोडला. पुण्य तुम्हाला आन् हात दुखायचा माझा. शाळा सुटल्यापासून मी एवढं लिहिलं न्हाई. अक्षर बघून हसू नका.

हे काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. म्हणाले, "दाजी, तुमच्या गाडीला माझा इरोध न्हाई, तिच्या दिव्याला हाय." दत्ताच्या लग्नाचं ते अजून विसरलं न्हाईत. तुमच्या दत्ताची नवरी घेऊन येताना चौफुल्याच्या अलीकडं दिवे लाल झाले, मग काजव्यागत झाले आन् मग गेलेच. नवरीला कोबीच्या टेम्पोत पुढं बसवून आणलं. तिचा शालू आन् टेम्पोतला कोबी एकाच रंगाचा, म्हणून पाहुण्यांत अजून हसतात. त्या वेळी दाजींनी ते हसण्यावारी नेलं. पण आता ह्यांची स्वतःची लेक हाय.

समी हट्टाला पेटलीय. "जाईन तर मामांच्या फियाटमधनं, न्हाईतर चालत." शेवटी ह्यांनी अट घातली. भाऊबीजेला तुम्ही दोघांनी दिवस मावळल्यावर यायचं, दिवे लावून, वाटेत न थांबता. आली गाडी नीट, तर समी त्यातनं जाईल. न्हाई आली, तर दौंडहून मोठी पांढरी गाडी ठरवायची, त्यावर दाजींनी एक शब्द बोलायचा न्हाई.

मी मधी पडले न्हाई. दाजी बिचारे "चालंल" म्हणाले म्हणे.

बाकी पाऊस बरा. मेथीचा भाव पडला, असू द्या.

तुमची सिंधू


निमोणे
भाद्रपद वद्य अष्टमी

चि. सौ. सिंधूस आशीर्वाद.

अट कळली. हे महिनाभर गाडीच्या पुढ्यात बसून होते. शेवटी शिरूरचा नवनाथ, वायरिंगचं काम करतो तो, येऊन बघून गेला. त्याने मला समजेल असं सांगितलं. ह्या जुन्या गाडीत डायनामो आहे. गाडी जोरात पळाली तरच तो बॅटरी भरतो. हळू चालली की दिवे बॅटरीतलंच खातात. म्हणजे हंड्यात वाटीने पाणी ओतायचं आणि तांब्याने काढायचं. आता नवरीची गाडी कुणी जोरात पळवतं का? वाजंत्र्यांच्या मागे, गावातून, पायी चालणाऱ्याच्या चालीने न्यायची. दत्ताच्या लग्नात हेच झालं होतं. नवनाथ म्हणाला, "काकी, डायनामो काढू, अल्टरनेटर बसवू. गाडी जाग्यावर हुबी राहिली तरी बॅटरी भरंल."

मामंजींच्या गाडीचा अवयव बदलायचा म्हटल्यावर माझा जीव खालीवर झाला. त्यात नवनाथला वेळ कधी, तर पितृपक्षात, कारण तेव्हा गाड्यांची कामं कुणी काढत नाही. मी साफ नाही म्हटलं. नवं काही ह्या दिवसांत करायचं नसतं. हे म्हणाले, "नवं कुठं? बापाच्या गाडीचं काम बापाच्या पंधरवड्यात करायचं, ह्यात काय वाईट?" ह्यांचं बोलणं मला पटलं नाही.

काल मामंजींची तिथी होती. घास नेहमी गोठ्याच्या पत्र्यावर ठेवतो. दरवर्षी तासभर हात जोडून उभं राहावं लागतं, तुला ठाऊक आहे, मामंजी जिवंतपणीही जेवायला लवकर यायचे नाहीत. काल पत्रा ओला म्हणून दत्ताने पान फियाटच्या बॉनेटवर ठेवलं. मी ओरडणार एवढ्यात कावळा उतरला. खीर खाल्ली, वडा उचलला आणि वर बॉनेटवर दोन पावलं चालून बघितलं. मी काय समजायचं ते समजले. नवनाथला म्हटलं, "लाग कामाला."

आज अल्टरनेटर बसला. मोडीत निघालेल्या व्हॅनचा आहे, पण नवनाथने नीट तपासून आणला. तो जागेवर बसेना म्हणून पट्टी लेथवर करून आणावी लागली. पट्टा बदलला, बॅटरीकडची तार जाड टाकली, दिव्यांचे बल्बही चांगले घातले. खर्च वहीत मांडला आहे, पत्रात नको. निघालेला डायनामो मी रॉकेलने पुसून मामंजींच्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवला. वस्तू टाकायची नाही.

आधी दिवे लावले की आतल्या मीटरचा काटा डावीकडे पडायचा. आता दिवे लावूनही उजवीकडे राहतो, म्हणजे बॅटरी भरते आहे. मी स्वतः बघितलं.

तुझी,
मालन


राहू
घटस्थापना

ती. सौ. वन्संना नमस्कार.

कावळ्याची गोष्ट मी ह्यांना वाचून दाखवली. ह्यांनी भाकरी खाली ठेवली. म्हणाले, "मामासायेबांनी परवानगी दिली म्हंजी इषय गंभीर हाय." पण लगेच, "तरी अट तशीच हाय हां." समी पोट धरून हसली.

घट बसले, धावपळ हाय. माळ करायची राहिलीय. म्हणून एवढंच.

सिंधू


निमोणे
आश्विन वद्य प्रतिपदा

चि. सौ. सिंधूस आशीर्वाद.

काल कोजागिरी अंगणात केली. दूध आटवलं, चारोळी मागच्या वर्षीची डब्यात होती तीच घातली, चांगली लागली. हे खाटेवर पडून चंद्राकडे बघत होते. एकदम म्हणाले, "केवढं खळं पडलंय चंद्राला! रंगीत हाय. दोन दिसांत पाऊस." मी बघितलं, मला काही खळं दिसेना. पण चुलीचा धूर होता, आणि आभाळातलं ह्यांना जेवढं कळतं तेवढं मला कुठलं. गावातली माणसं ह्यांना विचारून काढणी करतात. हे पत्र पोस्टात न टाकता भाजीच्या गाडीबरोबर धाडते, तेव्हा सोपानला आजच सांग, सोयाबीन उघड्यावर असेल तर झाकून ठेव.

गाडीचं काही खरं नाही. दिवसा चांगली चालते, आवाज नीट येतो, काटा उजवीकडे. पण अंधारात घराभोवती एक फेरी मारली की हे नाराज होऊन उतरतात. "उजेड फुटतोय. रस्त्यावर पडायच्या आधीच इस्कटतोय." नवनाथ दोनदा येऊन गेला. एकदा काचा पुसल्या, एकदा बल्ब बदलले. तो म्हणतो, "काकी, आता ह्याच्या पुढं फक्त विमानाचे दिवे." पोरगा लबाड नाही. पण ह्यांच्या मनासारखं होत नाही हेही खरं.

मला आता वाटायला लागलंय, पितृपक्षात केलं ते चुकलंच. कावळा खिरीला भुलला असेल. भाऊबीज जवळ आली. मी रोज एक माळ जास्त ओढते.

तुझी,
मालन


राहू
वसुबारसेच्या आदल्या दिवशी

ती. सौ. वन्संना नमस्कार.

दाजींच्या पावसावर भरवसा ठेवून ह्यांनी सगळं सोयाबीन ताडपत्रीखाली दडपलं. आठ दिवस थेंब न्हाई. ऊन असं, की ताडपत्रीखाली सोयाबीन उबून वास सुटला. आता परत पसरलंय आन् येणारा-जाणारा विचारतो, "सोपानराव, पाऊस आला व्हय?" ह्यांनी उत्तर दिलं ते मी लिहू शकत न्हाई.

माझी एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्याकडं कोजागिरीला चंद्र घासलेल्या परातीसारखा लख्ख होता. आम्ही तासभर बघत बसलो होतो. असो. तुमच्याकडचं आभाळ येगळं असंल.

भाऊबीजेची वाट बघते. करंज्या तुमच्या आवडीच्या खोबऱ्याच्या केल्यात. वाटेत थांबू नका, दिवे मालवू नका, मग समी जिंकली.

सिंधू


निमोणे
कार्तिक शुद्ध चतुर्थी

चि. सौ. सिंधूस आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. परवा तुझ्या घरी तुझ्यादेखत काही बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

तुम्ही सगळ्यांनी बघितलं ते एवढंच, की गाडी आली, दिवे लागलेले होते, पण बैलगाडीपेक्षा हळू आली आणि हे घामेघूम होऊन उतरले. सोपान नुसतं म्हणाला, "दाजी, बुकिंग करतो." आणि ह्यांनी मान हलवली. माझ्या भावाचा मला राग नाही आला. ह्यांनी मान हलवली त्याचं वाईट वाटलं.

वाटेत काय झालं ते आता सांगते. न्हावऱ्याच्या पुढे ऊसतोडीला निघालेल्या टोळीची बैलगाडी होती. मागे कंदील होता. मला ती लांबूनच दिसली, म्हटलं ह्यांनाही दिसली असेल. पण हे तसेच. अगदी जवळ गेल्यावर मी "अहो!" म्हणून किंचाळले तेव्हा ब्रेक लागला. गाडीवानाने काय शिव्या दिल्या म्हणून सांगू. नंतर ह्यांनी गाडी बैलाच्या चालीनेच आणली. मी डोळे मिटून जप करत राहिले. उजेड मला तर भरपूर वाटला, काटाही उजवीकडेच होता. पण स्टिअरिंग ह्यांच्या हातात, आपण काय बोलणार.

आल्यापासून ह्यांनी नवनाथला निरोप धाडलाय, अल्टरनेटर काढ आणि डायनामो परत बसव. मला माळ्यावरून काढायला सांगितलाय. जेवण निम्म्यावर आलंय. समीला काय वाटलं असेल? ती हसून वागली, पण भाची माझीच आहे, मला कळतं.

मालन


राहू
कार्तिक शुद्ध अष्टमी (शिरूरच्या भाजीच्या गाडीबरोबर)

ती. सौ. वन्संना नमस्कार.

डायनामो माळ्यावरनं काढू नका. नवनाथला परत धाडा. आधी हे वाचा.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. उजेड इस्कटतो म्हणता, आन् मी भाऊबीजेला दारात भाकरतुकडा घेऊन उभी होते तवा काय झालं ते ऐका. तुमची गाडी वळली तशी आख्खी भिंत पांढरी झाली. मी ताम्हण तोंडासमोर धरलं. गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या, कोंबडा आरवला. समी म्हणाली, "आई, मामांनी सूर्य आणलाय." असला उजेड आजकालच्या नव्या गाडीलासुद्धा न्हाई. ह्यांनीसुद्धा मान्य केलं, नंतर, झोपताना. म्हणाले, "दिवे हायेत गं. पण मग दाजी असे का आले?"

मग मला एकेक आठवायला लागलं. ओवाळताना दाजींनी सुपारी ताटात ठेवली ती ताटाबाहेर पडली. ह्यांनी पान पुढं केलं तर दाजींचा हात बाजूला गेला. आन् तो तुमचा कोजागिरीचा चंद्र. रंगीत खळं म्हणालात न्हवं? आमचा चंद्र लख्ख, तुमचा खळ्याचा, मधी एक नदी. आन् पाऊस थेंब न्हाई.

वन्सं, माझ्या आईचं असंच झालं होतं. बल्बभोवती इंद्रधनू दिसतं म्हणायची, देवाची कृपा म्हणून सांगायची गावभर. मोतीबिंदू निघाला.

मी लहान तोंडी मोठं बोलतेय. पण खळं चंद्राला न्हाई पडलं, दाजींच्या डोळ्याला पडलंय. गाडी नीट झालीय. आता तिच्या मालकाला दाखवा कुणाला तरी.

सिंधू

ह्यांना मी अजून काही सांगितलं न्हाई.


निमोणे
कार्तिक वद्य नवमी

चि. सौ. सिंधूस अनेक अनेक आशीर्वाद.

कार्तिकी झाली, माझा नेम फिटला, मोबाईल चार्जिंगला लावला आहे. पण हे फोनवर सांगता यायचं नाही. हे शेजारीच बसलेले असतात.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ह्यांना काही म्हटलं नाही. संध्याकाळी देवाजवळ निरांजन लावलं आणि सहज विचारलं, "अहो, ह्याला खळं दिसतंय का?" हे म्हणाले, "दिसतंय की. देवाचा दिवा हाय, तेज असणारच." मग मी त्यांच्याच हातातली बॅटरी घेऊन, पेटवून समोर धरली. "आणि हिला?" हे डोळे चोळत म्हणाले, "हिलाबी हाय." आणि खाली बसले.

मी भांडायच्या तयारीत होते गं, पण भांडण झालंच नाही. म्हणाले, "मालन, मला वाटलं गाडी म्हातारी झाली. रोज वाटायचं, आजबी हिचा उजेड कमी झाला. आपलं काय कमी झालंय हे कुणाच्या मनात येतंय?" मग म्हणाले, "आन् पावसाचं?" मी म्हटलं, "पावसाचं राहू द्या, सोपानला सोयाबीनचे पैसे द्यायचे नाहीत." तेव्हा हसले.

शिरूरला डोळ्यांचं शिबिर होतं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं. पट्टी सोडली त्या सकाळी माझ्याकडे बघत म्हणाले, "तुझं केस कवा पांढरं झालं?" मी म्हटलं, तुम्ही चंद्र बघत होता तेव्हा. डाव्याचं दोन महिन्यांनी.

पण डॉक्टरबाईंनी बजावलंय, दोन्ही डोळे होऊन चष्मा लागेपर्यंत रात्रीची गाडी चालवायची नाही. लग्न पंधरा-वीस दिवसांवर. मुहूर्त गोरज, वऱ्हाड निघेस्तोवर अंधार. दत्ता चालवतो म्हणाला, पण त्याला आपली गाडी जमत नाही, गिअर स्टिअरिंगपाशी आहे, तो पहिल्याच्या जागी रिव्हर्स टाकतो. सोपानची पांढरी गाडी ठरलीच आहे. हे रोज गाडी पुसतात. काल म्हणाले, "शब्द दिव्यांनी दिला न्हवता, मी दिला होता."

हे सगळं समीला सांगायचं की नाही ते तू ठरव. सोपानला डोळ्याचं कळलं तर ह्यांना बरं वाटणार नाही, पण लपवून तरी काय होणार.

तुझी,
मालन


राहू
रविवार, संध्याकाळ

वन्सं, दोघांनाही सांगितलं. हे उठून बाहेर गेले, लई वेळ आले न्हाईत. मग आत येऊन म्हणाले, "मी दाजींना बुकिंगचं असं तोंडावर बोलायला नको होतं." पण गाडी रद्द करत न्हाईत. म्हणाले, "आता तर न्हाईच. एका डोळ्यानं माझी पोरगी नेणार व्हय?"

समी आज सकाळी "आत्याकडं जाऊन येते" म्हणून स्कूटीवर निघाली ती आत्ता आली. हाताला ग्रीसचा वास येतोय. तिकडं काय केलं तिनं?

सिंधू


निमोणे
बुधवार

सिंधू, आली होती. जेवून गेली. बाकी विचारू नकोस, मला शपथ घातली गेलीय. पुढच्या रविवारीही येणार आहे. हळदीचे दिवस जवळ आलेत, तिच्या हाताला डाळीचं पीठ चोळ, ग्रीस निघतं.

मालन


निमोणे
मार्गशीर्ष, लग्नाच्या तिसऱ्या दिवशी

चि. सौ. सिंधूस आशीर्वाद.

तू काल फोनवर "कशी गेली, कशी पोचली" एवढंच विचारलंस आणि तुला रडू आलं, मग मलाही आलं, आणि सांगायचं राहिलं. पाठराखीण म्हणून मी गाडीत होते, तेव्हा सगळं मलाच लिहायला हवं.

मांडवातलं तू बघितलंसच. पांढरी गाडी फुलं लावून उभी, शेजारी आपली फियाट एका झेंडूच्या माळेची. समी सगळ्यांच्या गळ्यात पडून झाली, सोपानच्या पाया पडली, आणि पांढऱ्या गाडीच्या उघड्या दाराकडे न जाता फियाटला वळसा घालून ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसली. सोपान धावला. "अगं, नवरी गाडी चालवती व्हय?" ती म्हणाली, "आप्पा, तुमची अट गाडीची होती, डायवरची न्हवती. दिवे बघा." आणि दिवे लावले. सगळा मांडव उजळला. सोपानने डोळ्यांवर हात धरला तो उजेडामुळे की कशामुळे, ते तूच जाणे. मग हे तिच्या शेजारी बसले, मागे मी आणि जावईबापू. तिथवरचं तुला ठाऊक.

पुढचं सांगते. त्या रविवारांत ह्यांनी तिच्याकडून गिअर घोटून घेतले होते, माझी शपथ त्याचीच. वाजंत्री संपेस्तोवर गाडी मुंगीच्या पावलाने नेली, काटा जरासुद्धा डावीकडे गेला नाही. वेस ओलांडली तशी समी रडायला लागली. रडली का, हे तू विचारणारच होतीस. रडली. पण एक हात स्टिअरिंगवर, एक गिअरवर, डोळे पुसायला हात मोकळा नाही. ह्यांनी उपरण्याने तिचे डोळे पुसले, मधूनमधून, नाक्यापर्यंत. मागून इंद्रजीत म्हणाले, "मामा, हिला जरा हळू चालवायला सांगा." हे म्हणाले, "पावणं, मी सांगायचे दिवस सरले. आता तुम्ही सांगा, आन् ऐकती का बघा." ती रडता रडता हसली ती मग हसतच राहिली.

मोकळ्या रस्त्याला लागल्यावर हे पुढे वाकून काचेतून बघायला लागले. मला वाटलं पुन्हा काही बिनसलं. तर म्हणाले, "समे, एवढा उजेड? हा आधीपास्नं होता?" ती म्हणाली, "पितृपक्षापास्नं हाय, मामा." मग हे रस्त्याकडेची बाभूळ, मैलाचा दगड, एका घराच्या भिंतीवरची जाहिरात, जे जे दिसेल ते वाचून दाखवायला लागले. शाळेतल्या पोरासारखं, मोठ्याने. मी म्हटलं, "अहो, पाहुणे काय म्हणतील." तर इंद्रजीत म्हणाले, "वाचू द्या की, मी डाव्या बाजूचं वाचतो."

मग एका वळणावर ह्यांनी एकदम हात वर केला. "समे, ट्रॉली! दोन जोडलेल्यात, मागं दिवा न्हाई!" समीने गाडी हळू केली. उसाने भरलेल्या, रस्त्याच्या निम्म्यावर. आमच्या कुणाच्या नजरेला यायच्या आधी ह्यांना दिसल्या होत्या, एका डोळ्याने. समी म्हणाली, "थँक्यू मामा." ह्यांनी मिशीवरून हात फिरवला. मी खंडोबाला हात जोडले, गाडीतच.

वढूला दारात गर्दी होती. समीच्या सासूबाई, सुषमाबाई, भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन मागच्या दाराशी आल्या. आत वाकून बघतात तर मी आणि त्यांचा लेक. दुसऱ्या बाजूने येऊन बघितलं, तिथेही आम्हीच. घाबरल्या बिचाऱ्या. "पोरा, नवरी कुठाय?"

तेव्हा पुढचं दार उघडून समी उतरली. शालू कमरेला खोचलेला, मुंडावळ्या कानामागे सारलेल्या, हातात किल्ली. म्हणाली, "आई, मी इकडं हाय."

  सुषमाबाईंनी तिला खालून वर न्याहाळलं, मग लेकाकडे बघितलं.

"तू आणलंस व्हय ह्याला?"

"व्हय आई."

"नीट आणलंस?"

"व्हय."

"मग तू मधी उभी राहा," त्या म्हणाल्या, "आन् इंद्रजीत, तू जरा सरक. आणणारीची दृष्ट आधी काढायची असती."

मालन